नॅनो पॅक्लिटॅक्सेल फक्त कॅन्सरच्या गाठीवरच जातं का? मग केस गळणार नाहीत ना?

केस जातील. हे आधीच सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात सगळ्यात मोठी आशा तीच दिसते. आईंचा स्तनाचा कॅन्सर पसरलाय, डॉक्टरांनी 'नॅनो पॅक्लि' लिहून दिलंय आणि कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की ते थेट गाठीवर जातं, बाकी शरीराला धक्का लागत नाही. मी डॉक्टर नाही. कॅन्सरच्या डे-केअरमध्ये फार्मसिस्ट आहे, केमो तयार करतो. हे औषध रोजच हाताखालून जातं, म्हणून लिहितोय.

पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही. साध्या पॅक्लिटॅक्सेलमध्ये ते एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं असतं. अनेकदा रिअ‍ॅक्शन येते ती या द्रावकाची. म्हणून आधी स्टेरॉइड, अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन, आणि मग तीन तास सलाईन. नॅनो प्रकारात हे द्रावकच काढून टाकलंय. औषध अल्ब्युमिनला, म्हणजे आपल्या रक्तात असतं त्याच प्रथिनाला बांधलेलं असतं. कण साधारण १३० नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). कुपीत कोरडी पावडर येते. तिच्यात सलाईन कुपीच्या आतल्या भिंतीवरून सावकाश सोडायचं, पाच मिनिटं हात लावायचा नाही, मग हलकेच फिरवायचं. घाई केली की फेस येतो. तयार झालेलं औषध दुधासारखं पांढरं दिसतं आणि अर्ध्या तासात चढवून होतं. अमेरिकेत २००५ साली याला स्तनाच्या कॅन्सरसाठी परवानगी मिळाली.

म्हणजे इथे 'नॅनो'ने मुख्यतः वाहन बदललंय. आत औषध तेच आहे, ते केसांच्या मुळांपर्यंतही पोचतंच.

फायदा मात्र खरा आहे. द्रावक गेल्यामुळे डोस वाढवता आला: शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १७५ मिलिग्रॅमच्या जागी २६०. ज्या चाचणीवर ती परवानगी मिळाली, तिच्यात गाठ लक्षणीय आकसलेल्या रुग्णांचं प्रमाण १९ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर गेलं. पांढऱ्या पेशी फार खाली जाण्याचं प्रमाणही घटलं. पण हातापायांच्या नसांचा गंभीर त्रास २ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेला. जाहिरातीत हे वाक्य सापडत नाही. (हल्ली बरेच डॉक्टर कमी डोस दर आठवड्याला देतात, त्यामुळे आईंच्या बाबतीत आकडे वेगळे असतील.)

आता 'थेट गाठीवर' हे कुठून आलं? १९८६ साली जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं की गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या, गळक्या असतात. मोठे रेणू त्यातून बाहेर झिरपतात आणि तिथेच साचतात. कल्पना सुंदर होती आणि उंदरांत चाललीही. माणसाच्या गाठी इतक्या सरळ नसतात. एकाच रुग्णाच्या दोन गाठींतही हा गळकेपणा सारखा नसतो, आणि बरेचसे कण वाटेतच यकृत आणि प्लीहा पकडून ठेवतात. टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचले ते मध्यकाने (म्हणजे निम्म्या प्रयोगांत याहून कमी, निम्म्यांत जास्त) ०.७ टक्के. यावर लगेच नाक मुरडू नका, साध्या औषधाचाही फारच थोडा अंश गाठीत पोचतो. पण 'फक्त गाठीवर' म्हणणाऱ्याला हा आकडा जरूर ऐकवा. कणांवर गाठ ओळखणारे रेणू चिकटवून पाहिले गेले. बाइंड नावाच्या अमेरिकन कंपनीने तेच केलं होतं. २०१६ मध्ये ती दिवाळखोरीत गेली.

माझ्या मते नॅनोची खरी कमाई नेमकं गाठ गाठण्यात नाही, नको तिथे औषध कमी पोचवण्यात आहे. डॉक्सोरुबिसिन या केमोच्याच दुसऱ्या औषधाचं उदाहरण घ्या, पेशंट ज्याला 'लाल औषध' म्हणतात. ते हृदयाला बाधतं, म्हणून आयुष्यभरात किती द्यायचं याला मर्यादा आहे. जेरुसलेमच्या गॅबिझॉन आणि बॅरेनहोल्ट्झ यांनी ते चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत, लायपोसोममध्ये भरलं आणि १९९५ साली ते अमेरिकेत मंजूर झालं. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरवर परिणाम साध्या औषधाइतकाच, हृदयाचा त्रास मात्र बराच कमी. केसही तुलनेने कमी गळतात. बदल्यात तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात. आमच्याकडे या पेशंटना सांगावं लागतं की काही दिवस भाकरी थापू नका, कढत पाण्यात हात घालू नका. २०१२ मध्ये अमेरिकेत याचा तुटवडा पडला तेव्हा मुंबईच्या सन फार्माचं लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन तिकडे मागवलं गेलं होतं.

आईंसाठी दोन कामं करा. बिलावर आणि खोक्यावर 'अल्ब्युमिन-बाउंड' लिहिलंय का ते पाहा, कारण साधं पॅक्लिटॅक्सेलही १०० मिलिग्रॅमच्या कुपीत मिळतं आणि दोन्हींचे डोस एकमेकांच्या जागी चालत नाहीत. दुसरं, त्यांना मधुमेह असेल किंवा पायांना आधीच मुंग्या येत असतील तर पहिल्या सलाईनआधीच डॉक्टरांना सांगा. नंतर ब्लाउजचे हुक लावता येईनासे झाले किंवा चप्पल पायातून कधी निसटली ते कळेनासं झालं, तर पुढच्या तारखेची वाट बघत बसू नका. तेव्हा डोस कमी करता येतो किंवा थोडा थांबवता येतो.