वर्कफ्लो ‘उघड’ करायचा की ‘उपलब्ध’?

प्रश्न असा आहे: एंटरप्राइज अ‍ॅप्लिकेशनच्या रचनेवर मराठीत टिपण लिहिताना ‘एक्स्पोज द वर्कफ्लो अ‍ॅज अ सर्व्हिस’ याला ‘कार्यप्रवाह सेवा म्हणून उघड करणे’ म्हटले तर चालेल का? (वर्कफ्लो म्हणजे कामाच्या पायऱ्यांचा ठरलेला क्रम; तो सेवा म्हणून एक्स्पोज करणे म्हणजे दुसऱ्या प्रणालींना तो बाहेरून हाक मारून वापरता येईल असे करणे.)

नाही चालणार. मराठीत ‘उघड’ होते ते गुपित किंवा बिंग, आणि ‘उघडे पाडणे’ म्हणजे तर फजितीच. इथे नेमके उलटे घडते. वर्कफ्लोमधल्या पायऱ्या, अटी, डेटाबेस हे सगळे झाकलेलेच राहते. बाहेरच्याला दिसतात ती फक्त हाक मारायची दोन-तीन दारे. ‘खुला करणे’ त्यातल्या त्यात बरे, कारण रस्ता वाहतुकीसाठी खुला होतो. पण त्यात ‘कोणीही या’ असा सूर आहे, आणि परवानगी तपासणाऱ्या सेवेला तो शोभत नाही. ‘उपलब्ध करणे’ जरा सरकारी वाटते, पण अर्थाने चोख बसते. बोलताना ‘एक्स्पोज करणे’ म्हणावे, कोणाचे काही अडत नाही.

खरी गफलत पुढच्या शब्दांत होते. वर्कफ्लोच्या ‘इन्स्टन्स’ला, म्हणजे त्याच्या एकेका चालू प्रतीला, ‘उदाहरण’ लिहिलेले दिसते. ते साफ चुकीचे. ‘प्रकरण’ हा शब्द आपल्याकडे तयार आहे: कर्जाचे प्रकरण दाखल होते, रखडते, निकाली निघते. वर्कफ्लोची प्रत ही अशीच दिवसेंदिवस चालणारी गोष्ट असते. ‘कोरिलेशन’ला ‘सहसंबंध’ म्हणाल तर वाचक संख्याशास्त्रात जाईल. इथे आलेला निरोप कोणत्या प्रकरणाचा हे ओळखायचे असते, म्हणून ‘जुळणी’.

खरेदी-मंजुरीचा वर्कफ्लो घ्या. सेवेच्या क्रियेला ‘खरेदी मंजूर करा’ असे नाव दिले की हाक मारणारा उत्तराची वाट बघत बसतो. मंजुरी देणारा माणूस तीन दिवसांनी बघणार. जोडणी मात्र काही सेकंदांत वा मिनिटांत तुटते. पलीकडची प्रणाली पुन्हा हाक मारते आणि एकाच मागणीची दोन प्रकरणे उभी राहतात. म्हणून नाव ‘मंजुरी सुरू करा’ असे हवे आणि उत्तर लगेच जायला हवे: एचटीटीपी २०२ (वेबवरच्या उत्तरातला ‘विनंती स्वीकारली’ असा संकेतांक), सोबत प्रकरण क्रमांक आणि स्थिती विचारायचा पत्ता. २०२ला मराठीत ‘घेतले’ म्हणावे, ‘झाले’ नव्हे. २००चा (‘ठीक, विनंती यशस्वी’ या संकेतांकाचा) अर्थ लावताना हा फरक पुसला जातो. ‘निर्णय कळवा’ आणि ‘स्थिती सांगा’ ही उरलेली दोन दारे. निर्णयाच्या निरोपात मागणी क्रमांक नसेल तर जुळणी होत नाही, आणि प्रकरण वाट बघत पडून राहते. दुबार हाकेवर उपाय हाच: सुरू करतानाच हाक मारणाऱ्याकडून मागणी क्रमांक घ्यावा आणि त्याचे प्रकरण आधीच असेल तर नवे न काढता जुनाच प्रकरण क्रमांक परत द्यावा.

नवे प्रकरण सुरू करणे आणि चालू प्रकरणाला निरोप देणे, हा भेद काही नवा नाही. २००७ साली ओअ‍ॅसिस या मानक संस्थेचे मानक झालेल्या डब्ल्यूएस-बीपेल २.० या वर्कफ्लो लिहिण्याच्या भाषेमध्ये निरोप घेणाऱ्या पायरीवर ‘नवे प्रकरण काढ’ अशी वेगळी खूण करावी लागते. ती नसलेली पायरी चालू प्रकरणातच निरोप घेते, आणि तो कोणत्या प्रकरणाचा हे जुळणीच्या संचावरून (‘कोरिलेशन सेट’, म्हणजे मागणी क्रमांकासारख्या ओळखीच्या खुणा) ठरते.

‘व्हर्जन’ला ‘आवृत्ती’ ठीकच, पण ती कशाची ते लिहावे. वर्कफ्लोची व्याख्या बदलली तरी चालू प्रकरणे सहसा जुन्या व्याख्येनेच पुरी करावी लागतात. नाहीतर काढून टाकलेल्या पायरीवर थांबलेले प्रकरण कुठेच पोचत नाही. ‘सेवेची आवृत्ती २’ एवढेच लिहिले तर दार बदलले की आतला क्रम, हे कळत नाही.

जाता जाता व्याकरण: ‘कार्यप्रवाह सेवा म्हणून उपलब्ध केला’, ‘केली’ नव्हे. क्रियापद कार्यप्रवाहाप्रमाणे चालते. ‘सेवा म्हणून’ हे नुसते पूरक आहे.