कार्ड खिशात, नाव यादीत नाही: तरुण मतदारांची प्रश्नोत्तरे

निवडणुकीचं वारं सुटलं की माझा फोन सुरू होतो. मी शाळामास्तर, आणि बरीच वर्षं बीएलओ (बूथची मतदार यादी सांभाळणारा माणूस) म्हणून बेळगावच्या गल्ल्यांत यादी काखेत मारून फिरलेला माणूस, आता रिटायर झालो तरी लोक अजून मलाच विचारतात आणि गंमत म्हणजे प्रश्नही तेच विचारतात. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. पोरांनो, वाचा आणि मग फोन करा.

सर, मला येत्या 12 ऑगस्टला 18 पूर्ण होतात. मित्र म्हणतात आता पुढच्या जानेवारीपर्यंत थांबावं लागणार. खरं का? (उचगाव)

नाही. जानेवारीची गोष्ट जुनी झाली. त्या दिवशी 18 पूर्ण असले की नाव घालता येतं, अशा 2022 पासून वर्षात चार तारखा आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. तुझं 1 ऑक्टोबरात बसतं. 17 पूर्ण झालेत ना, मग फॉर्म 6 (नवीन नाव घालायचा अर्ज) आजच भर, मित्रांना विचारत बसू नकोस.

सायबरवाला वोटर आयडीचे 300 रुपये मागतोय, "अर्जंट" पाहिजे तर 500. द्यावेत का? (वडगाव)

अर्जंट वोटर आयडी असा काही प्रकारच नसतो. फॉर्म फुकट, नाव घालणं फुकट, नवीन मतदाराचं पहिलं कार्डही पोस्टानं घरी फुकट येतं. टाइप करायचे आणि स्कॅनिंगचे वीस-पन्नास घेतले तर समजू शकतो, त्यालाही पोट आहे. पण तो स्वतःचा मोबाईल नंबर टाकून अर्ज भरतो, मग सगळे ओटीपी आणि मेसेज त्याच्याकडं जातात आणि अर्ज नामंजूर झाला तरी तुम्हाला पत्ता नाही. नंबर तुमचाच घाला आणि अर्जाचा रेफरन्स नंबर वहीत लिहून ठेवा. मोबाईलवरून निवडणूक आयोगाच्या ॲपवर सगळं करता येतं, रील बघता बघता होईल.

माझ्याकडं वोटर कार्ड आहे, 2019 ला मतही दिलंय. मग यादीत नाव परत कशाला बघायचं? (अनगोळ)

हा. हाच तो प्रश्न. याचं उत्तर जरा लांब देणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

कार्ड म्हणजे फक्त तुम्ही कोण ते सांगणारा कागद. मताचा हक्क यादीत असतो. यादीत नाव नसेल तर कार्ड सोन्याचं असलं तरी उपयोग नाही, आणि यादीत नाव असेल तर कार्ड हरवलं तरी आधार, लायसन्स, पासपोर्ट, पॅन कार्ड, बँकेचं फोटो असलेलं पासबुक, यातलं काहीही चालतं. हे इतकं साधं आहे पण लोकांच्या डोक्यात नेमकं उलटं बसलंय, लोक कार्ड लॅमिनेट करून देवघरात ठेवतात आणि यादीकडं पाच वर्षं ढुंकून बघत नाहीत.

2018 ची विधानसभा, 12 मे. मी बूथच्या बाहेर टेबलावर बसून लोकांना भाग नंबर आणि अनुक्रमांक काढून देत होतो. उन्हाचा कहर. नऊ-साडेनऊला एक मुलगी आली, पुण्याहून रात्रीच्या बसनं आलेली, बॅग अजून पाठीवरच. कार्ड प्लॅस्टिकच्या कव्हरात. मी यादी उघडली, बोटानं खाली खाली आलो, नाव सापडलं, आणि चौकटीवर आडवा शिक्का: डिलीटेड. शेजारी इंग्रजी "एस". एस म्हणजे शिफ्टेड, राहायला दुसरीकडं गेली. (ई म्हणजे मयत, आर म्हणजे नाव दोनदा, ही अक्षरं एकदा कळली की यादी वाचायला मजा येते, असो.) "सर, कार्ड हाय की माझ्याकडं, मग नाव कसं नाही म्हणता?" मी काय सांगणार? सहा महिन्यांपूर्वी हीच मुलगी मला गल्लीत भेटली होती आणि "माझं नाव आहे ना सर" विचारलं होतं, आणि मी घाईत होतो, यादी न उघडताच म्हटलं होतं, कार्ड आहे ना, मग झालं की. चूक माझी. ती काही भांडली नाही, पायरीवर बसून पाणी प्याली आणि गेली. तेव्हापासून कुणी "कार्ड आहे" म्हटलं की माझं डोकं फिरतं.

नाव जातं कसं? घर बदललं, भाड्याच्या खोलीला कुलूप, शेजारच्यानं सांगितलं "ते गेले हो इथनं". कुणीतरी फॉर्म 7 भरून हरकत घेतली. कायद्यानं आधी नोटीस यायला पाहिजे, पण नोटीस जाते जुन्या पत्त्यावर आणि तुम्ही असता पुण्यात नाहीतर गोव्यात वेर्ण्याच्या कंपनीत. कधी नाव असतं पण दुसऱ्या भागात, दुसऱ्या शाळेत, तेही दुपारी पाच वाजता कळतं.

म्हणून वर्षातून दोनदा नाव बघायचं. ॲपवर बघा, 1950 या हेल्पलाइनला फोन करा, नाहीतर बीएलओला गाठा. नुसता स्क्रीनशॉट ठेवू नका, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून घ्या. नाव गेलेलं असेल तर परत फॉर्म 6. आणि हे सगळं निवडणूक जाहीर व्हायच्या आधी. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख गेली की यादी गोठते, मग तहसीलदार काय आणि जिल्हाधिकारी काय, कुणालाच त्यात नाव घालता येत नाही. अर्ज निकाली काढायलाही दिवस लागतात, त्यामुळं अगदी कडेला येऊन भरलेला फॉर्म न भरल्यासारखाच. आदल्या आठवड्यात माझ्या दारात येऊन "काहीतरी करा सर" म्हणणाऱ्यांना मी चहा पाजतो. तेवढंच करता येतं.

आणि हो, महापालिकेच्या आणि पंचायतीच्या याद्या याच विधानसभेच्या यादीवरून वॉर्डप्रमाणे पाडतात. इथलं नाव गेलं की तिथलंही गेलं.

कन्नडमध्ये माझं आडनाव चुकीचं आलंय. बूथवर हाकलून देतील का? (शहापूर)

किरकोळ चुकीसाठी नाही, ओळख पटली की मत देता येतं. पण दुरुस्त करून घ्या, फॉर्म 8. आपल्याकडं ही भानगड कायम होते कारण आपण इंग्रजीत टाइप करतो आणि बाजूचा कन्नड रकाना आपोआप भरला जातो, मग आडनावाचं काहीतरी भलतंच होऊन बसतं. कन्नड वाचणारा एखादा मित्र शेजारी बसवा आणि सबमिट करायच्या आधी तो रकाना वाचून घ्या. फोटो किंवा वयच चुकलं असेल तर मात्र आळस नको, सरळ निवडणूक शाखेत जाऊन भेटा.

वहिनीचं माहेर चंदगड, तिचं नाव तिकडच्या यादीत आहे. लग्नानंतर इकडंही घातलं. दोन्हीकडं राहू दे का? आणि मी स्वतः पुण्यात जॉबला आहे. (कंग्राळी)

अजिबात राहू देऊ नका. सीमेवरच्या गावांत हे सर्रास चालतं, एक नाव महाराष्ट्रात, एक कर्नाटकात, आणि लोक हसत सांगतात. एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात पाहिजे. फॉर्मवर आपण सही करतो की दुसरीकडं माझं नाव नाही, ते खोटं निघालं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. खरं तर वहिनींनी फॉर्म 8 भरून नाव हलवून घ्यायला पाहिजे होतं, त्यात जुन्या ठिकाणचं जातं. आता दोन झालीच आहेत तर चंदगडचं कमी करायला तिकडच्या बीएलओला भेटा, पोचपावती घ्या.

तुझं म्हणशील तर तू नेहमी जिथं राहतोस तिथं नाव. शिकणाऱ्या पोरांना हॉस्टेलचा पत्ता किंवा घरचा, दोन्हींपैकी एक निवडता येतो. नोकरीवाल्यानं कुठं ठेवायचं हे दरवेळी थोडं वेगळं पडतं, तुझी भाड्याची कागदं घेऊन तिथल्या निवडणूक ऑफिसात एकदा विचार.

नोटाला ("वरीलपैकी कुणीही नाही" या बटणाला) सगळ्यात जास्त मतं पडली तर निवडणूक रद्द होते ना? (टिळकवाडी)

लोकसभा-विधानसभेत नाही होत. उमेदवारांत जो पुढं तो निवडून येतो. 2013 पासून हे बटण आहे आणि 2013 पासून ही अफवा आहे.

सीमाप्रश्न कोर्टात आहे. तोपर्यंत कर्नाटकाच्या निवडणुकीत आम्ही मत कशाला द्यायचं? घरी आजोबा म्हणतात बहिष्कार घाला. (येळ्ळूर)

आजोबांना माझा नमस्कार सांग. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव तिकडच्या राज्यात गेलं, त्यानंतर त्यांच्या पिढीनं काय काय सोसलं ते मी बघितलंय, त्यांच्याशी वाद घालायची माझी टाप नाही. पण इतिहास बघ. सीमावादावरचा महाजन आयोग 1966 चा, महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात दावा लावला 2004 ला, आणि या सगळ्या काळात महाराष्ट्रात जायचं म्हणणाऱ्या एकीकरण समितीनं निवडणुका सोडल्या नाहीत, लढवल्या. 1996 च्या लोकसभेला तर बेळगावात 456 उमेदवार उभे होते! निषेध करायचा म्हणूनसुद्धा लोक अर्ज भरायला रांगेत उभे राहिले, घरी नाही बसले. त्याच वर्षी मग लोकसभेचं डिपॉझिट 500 वरून 10,000 केलं, त्यात आपलाही वाटा आहे म्हणायला हरकत नाही. 2013 ला समितीचे दोन आमदार होते, 2018 आणि 2023 ला एकही नाही. का, ते तुम्ही पोरांनी आपसांत बोला, मी यादीवाला माणूस, कुणाला मत द्या हे सांगणार नाही.

एवढंच सांगतो की मत दिल्यानं दाव्याचं काय होतं असल्या व्हॉट्सॲप गप्पांवर जाऊ नकोस, कायद्याची शंका असेल तर चांगल्या वकिलाला विचार. मराठी शाळेला शिक्षक मिळतो की नाही, गटार कधी होतं, दाखला कुठल्या भाषेत मिळतो, हे दरम्यान कुणीतरी ठरवतच असतं.

एका उमेदवाराच्या माणसांकडून पैशांचं पाकीट घेतलं आहे. आता त्यांनाच मत दिलं नाही तर कळतं म्हणे, मशीनमध्ये दिसतं. (नाव-गाव नको)

मशीनमध्ये तुझं नाव जातच नाही. व्हीव्हीपॅटची (मशीनशेजारच्या छपाई यंत्राची) चिठ्ठी सात सेकंद तुला एकट्याला दिसते आणि डब्यात पडते, तिच्यावर उमेदवाराचं नाव आणि चिन्ह असतं, तुझं नाही. कुठल्या बूथवर कुणाला किती मतं पडली ते नंतर कळतं, गल्लीचा दादा त्याच आकड्यावर "मला सगळं कळतं" म्हणून दम देतो. भ्यायचं नाही. पण एक लक्षात ठेव, पैसे देणाराही गुन्हेगार आणि घेणाराही. पुढच्या वेळी पाकीट दारात आलं तर आचारसंहितेच्या काळात निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या सोयीवर फोटो टाक, नाव न देता टाकता येतो. आणि या पाकिटाचं आता काय करायचं ते मला लिहून विचारू नकोस, ओळखीच्या वकिलाला विचार.

मतदान करताना फोटो काढला तर? स्टेटसला ठेवायचा होता.

आत मोबाईल नेऊ नकोस. बोटाचा फोटो बाहेर येऊन काढ.

मुलगा एमपीएससी-केपीएससी दोन्हीची तयारी करतोय आणि मोर्चांना पण जातो. नोकरीला अडचण येईल म्हणून मी त्याला मतदानालासुद्धा जाऊ नको म्हणते. चुकतंय का माझं? (हिंडलगा, एक आई)

ताई, मतदानाचं आणि नोकरीचं काहीही नातं नाही, त्याला जाऊ द्या. तुम्हीही जा. सभेला जाणं, शांतपणे मोर्चात चालणं हाही गुन्हा नाही. अडचण येते ती गुन्हा नोंद झाला तर. पोलीस पडताळणीत तो निघतो, आणि लपवला तर जास्त महागात पडतं. आपल्याकडं 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला पोरांची नावं गुन्ह्यात आली की वर्षानुवर्षं तारखा चालतात हे तुम्हाला मी सांगायला नको. परवानगी आहे का ते बघून जा, दगडाला हात लावू नको, एवढं त्याला सांगा. नोकरी लागल्यावर मात्र पक्षाचं काम बंद, सरकारी सेवेच्या नियमात ते बसत नाही. आधीच काही केस असेल तर फॉर्म भरायच्या आधी वकिलाला दाखवा, नंतर नाही.

आम्ही खानापूरचे, जिल्हा बेळगाव. मग खासदारकीला बेळगावचे उमेदवार मशीनवर का नसतात?

कारण खानापूर आणि कित्तूर उत्तर कन्नड लोकसभेत आहेत. तुमचा खासदार कारवार-शिरसीकडचा मतदारही निवडतो.

वय 23. ग्रामपंचायतीला उभं राहायचंय. कुठला पक्ष धरू? (बेळगाव तालुका)

कुठलाच नको, कर्नाटकात ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर होत नाही. "मी तिकीट मिळवून देतो" म्हणून कुणी पैसे मागत असेल तर त्याला चहाही पाजू नकोस. वय 21 लागतं, ते झालंय. नाव त्याच पंचायतीच्या यादीत पाहिजे (आलं का परत यादीवर!). तुझ्या वॉर्डाला कुठलं आरक्षण पडतं ते बघ, निम्म्या जागा बायकांच्या आहेत, त्यामुळं कदाचित तुझ्या बहिणीलाच उभं राहावं लागेल आणि ते वाईट नाही, फक्त मग सदस्य तीच, तू तिच्या खुर्चीत बसायचं नाहीस. जातीचा दाखला लागत असेल तर आत्ताच काढ. पंचायतीच्या कंत्राटात तुझा काही वाटा असेल तर अपात्र ठरू शकतोस, ते आधी निवडणूक अधिकाऱ्याकडून समजून घे.

निवडणूक कधी लागेल याच्या भरवशावर बसू नकोस. जिल्हा पंचायत-तालुका पंचायतीची मुदत 2021 ला संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं निवडणूक लागली नाही, तेव्हा तयारी केलेली पोरं आता पोराबाळांची झाली. तोवर वॉर्डसभेला जा. कायद्यानं सहा महिन्यांतून एकदा तरी व्हायला पाहिजे. आमच्या गावच्या सभेला मागं मी गेलो होतो तर पीडीओ (पंचायतीचा विकास अधिकारी), दोन सदस्य, मी आणि सतरंजी घालणारा. रजिस्टर सहीला पुढं आलं तेव्हा त्यात सभेला न आलेल्यांच्याही सह्या होत्या. पुढच्या सभेची तारीख पंचायतीत विचार, आणि ते रजिस्टर मागून वाच.