भाच्याला घरात ठेवून घेऊ का?

प्रश्न : बांधाच्या भांडणात माझ्या भाच्याने चुलत्याच्या डोक्यात कुऱ्हाडीचा दांडा घातला. चुलता सोलापूरला दवाखान्यात आहे. कलम १०९ लागलंय म्हणतात. बहीण म्हणते, ‘‘दादा, प्रकरण थंड होईपर्यंत पोराला ठेवून घे.’’ कालपासून भाचा आणि त्याची बायको आमच्याकडे आहेत. रक्ताचा शर्ट पिशवीत आहे. मामा असून दार लावू का?
— एक वाचक, तालुका बार्शी

उत्तर : दार लावू नका, पण लपवूही नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम २४९ नुसार, गुन्हा केलाय हे माहीत असताना शिक्षेतून वाचवण्याच्या हेतूने आसरा देणं हा गुन्हा आहे. आसरा म्हणजे नुसतं छप्पर नव्हे; जेवण, पैसे, कपडे, पळायला गाडी, सगळं त्यात येतं. मात्र हेतू महत्त्वाचा. दारात आलेल्याला भाकरी वाढली एवढ्याने कोणी आरोपी होत नाही. पोलीस आल्यावर ‘इकडे आलाच नाही’ म्हणालात की तो हेतू उघड होतो.

कलम १०९ म्हणजे खुनाचा प्रयत्न. त्यातल्या आरोपीला लपवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जखमी दगावला तर तेच कलम १०३ होतं आणि तुमची शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. शिवाय खुनाची माहिती पोलिसांना कळवण्याची जबाबदारीही तेव्हा येते.

यातून सूट एकाच नात्याला : नवरा-बायको. म्हणजे भाच्याची बायको सुटते, आई अडकते, मामाही अडकतो. १८६० च्या दंड संहितेतला हा अपवाद नव्या संहितेत तसाच उतरला. जन्मदात्रीला सूट नसावी हे आम्हाला पटत नाही. जर्मनीत आईवडील आणि भावंडंही वगळली आहेत. (मामा मात्र तिथेही बसत नाही!)

शर्ट धुऊ नका, जाळू नका. पुरावा नष्ट करण्याच्या कलम २३८ मध्ये बायकोलाही सूट नाही. ओला असेल तर सावलीत वाळवून कागदात गुंडाळा. प्लॅस्टिकमध्ये रक्त कुजतं. पुढे तो वकिलामार्फत, पंचनाम्यावर द्या.

आता मामाचं काम. आजच फौजदारी वकील गाठा. त्याची फी भरणं म्हणजे आसरा देणं नव्हे. सत्र न्यायालयात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो, पण दांडा जप्त व्हायचा असेल तर कोठडी हवी म्हणून तो अनेकदा फेटाळला जातो. डोक्याची जखम साधी की गंभीर, यावरही बरंच ठरतं. जितके दिवस तो गायब, तितकं ‘फरारी होता’ हे वाक्य जामिनाच्या विरोधात वजनदार होतं.

म्हणून वकिलासोबत ठाण्यात हजर करा. अटकेची कारणं लेखी मागा, वैद्यकीय तपासणी करून घ्या. चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करणं बंधनकारक आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, क्रमांक १५१००. जामीन झाला की जामीनदार तुम्हीच व्हा : सातबारा किंवा ऐपतीचा दाखला, आधार, फोटो तयार ठेवा.

बहिणीचा जबाब घ्यायचा तर बाई म्हणून तिच्या घरीच घ्यावा लागतो, ठाण्यात बोलावता येत नाही. तपासातल्या जबाबावर सही करायची नसते. मागितली तर नाही म्हणा.