तज्ज्ञांच्या गटात जायचंय? आधी एक विषय घट्ट धरू द्या

नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं. जुळे सोलापुरात तुमचा शेंगा चटणीचा घरगुती उद्योग आहे. मुलगी मायक्रोबायोलॉजी घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि अन्नाचे नियम ठरवताना सल्ला देणाऱ्या तज्ज्ञ गटात तिला काम करायचंय. ‘अशी नोकरी असते का, की सरळ एमपीएससी करू दे?’ असं तुम्ही विचारलंय.

नोकरी म्हणून अशी जागा नसते. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार एफएसएसएआयची, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, वैज्ञानिक पॅनेल असतात. कीटकनाशकांचे अंश, दूषित घटक, नमुने व तपासणी असे त्यांचे वेगवेगळे विषय. तिथे स्वतंत्र तज्ज्ञ नेमले जातात. प्रश्न किचकट असला की मोजक्या जाणकारांचा कार्यगट बसतो.

तुमच्याच मालाचं पाहा. दाण्याला बुरशी लागली की अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकतं, आणि भाजल्यानं ते पूर्ण जात नाही. ते पोत्यात सारखं पसरलेलंही नसतं, थोड्याच दाण्यांत साठतं. वरची ओंजळभर शेंग तपासून अहवाल चांगला येईल आणि तळाशी खराब दाणे तसेच राहतील. मग नमुना किती घ्यायचा, कुठून घ्यायचा, दळून एकजीव कसा करायचा, हे एकाचं काम. यकृतावर काय परिणाम होतो, हे विषशास्त्र जाणणाऱ्याचं. लोक रोज किती शेंगदाणे खातात, हे तिसऱ्याचं. सोलापुरात तर चटणी रोजच्या ताटात असते! जागतिक पातळीवर 1956 पासून जेईसीएफए ही तज्ज्ञ समिती असा अभ्यास करते. कोडेक्स म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था. प्रक्रियेसाठीच्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिनची तिची मर्यादा किलोमागे 15 मायक्रोग्रॅम आहे.

गट फक्त शिफारस करतो. नियम प्राधिकरण करतं. मसुद्यावर लोकांच्या हरकती मागवल्या जातात. ही विभागणी मला फार मोलाची वाटते. व्यापाराचं काय होईल हे निर्णय घेणाऱ्यानं पाहावं. शास्त्रज्ञानं धोका किती आणि त्याबद्दल खात्री किती, एवढं निर्भीडपणे सांगावं.

एमपीएससीतून अन्न सुरक्षा अधिकारी होता येतं, मायक्रोबायोलॉजीची पदवी त्याला चालते. तेही चांगलंच काम, पण ते अंमलबजावणीचं. तिचा कल पाहता मी एमएस्सी सुचवेन. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेची प्रवेशप्रक्रिया पाहा. पुढे प्रयोगशाळा, अन्न विश्लेषकाची परीक्षा किंवा पीएचडी. एकाच विषयात वर्षानुवर्षं काम दिसलं, की बोलावणं येऊ शकतं. त्याला वेळ लागतो, हे घरात सगळ्यांनी मान्य करायला हवं.

सुरुवात आत्ताच होऊ शकते. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी एकाच पोत्याच्या वरच्या, मधल्या आणि तळाच्या दाण्यांचे नमुने घेऊन तिला बुरशी मोजू द्या. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे जमतं. अफ्लाटॉक्सिन मोजायचं असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळा लागेल, तिथला दर आधी विचारून घ्या. कीटकनाशकांच्या अंशांकडे ओढा असेल, तर केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात तिच्या प्राध्यापकांमार्फत चौकशी करा.