ब्रेड मशीनमध्ये हॉट डॉग रोल केले तर ते पसरट का होतात?

रोल पसरतात ते ट्रेमध्ये लांब लांब ठेवल्यामुळे. दोन रोलमध्ये जेमतेम १ सेंमी जागा सोडा. फुगताना ते एकमेकांना टेकतात, बाजूला सरकायला वाव उरत नाही, मग वरच चढतात. शिवाय चिकटलेल्या कडांवर कवच येत नाही, त्या मऊ राहतात.

मशीनचा उपयोग फक्त 'डो' प्रोग्रॅमपुरता: मळणं आणि पहिलं फुगणं. १० रोलसाठी:

- मैदा ५०० ग्रॅम
- कोमट दूध ३१० मिली
- लोणी ४० ग्रॅम, साखर ३० ग्रॅम
- मीठ ९ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम

पीठ बाहेर काढून हलकेच दाबा, साधारण ८८ ग्रॅमचे गोळे करा आणि १० मिनिटं झाकून ठेवा. ही विश्रांती टाळली की लाटलेला तुकडा रबरासारखा मागे येतो. मग प्रत्येकाची १५ सेंमी लांब पोळी लाटून घट्ट गुंडाळी करा, जोड चिमटून बंद करा आणि तो खालीच ठेवा. वर राहिला तर भाजताना तिथेच फाटतो. ४० मिनिटं फुगवून ओव्हनमध्ये १९० अंशांवर १५ ते १८ मिनिटं भाजा. बाहेर काढल्यावर लगेच लोणी लावून कापडाने झाका, नाहीतर कापताना रोल बिजागरीपाशी, म्हणजे न कापता जोडलेल्या ठेवलेल्या कडेला, तुटतो.

मात्र दुधाचं माप पक्कं धरू नका, प्रत्येक मैदा पाणी वेगळं पितो. मळणं सुरू झाल्यावर ५ मिनिटांनी झाकण उघडून बघा: गोळा भांड्याच्या कडा सोडून तळाला किंचित चिकटायला हवा. कोरडा वाटला तर चमचाभर दूध, फारच चिकट असेल तर चमचाभर मैदा.