अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष, काँग्रेस (तिथली संसद) आणि सुप्रीम कोर्ट यांच्यात शेवटचा शब्द कुणाचा? कोर्टाकडे ना फौज ना पैसा, मग त्याचं ऐकतं कोण? आणि राष्ट्राध्यक्षाच्या आणीबाणीच्या अधिकारांना आवर कोण घालतं?

विषयानुसार बदलतो. हे वाचून तुमचा हिरमोड होईल, माझाही झाला होता. नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी मला शंभर प्रश्नांची यादी पाठ करायची होती. ऑफिसर तेव्हा त्यातले जास्तीत जास्त दहा विचारायचा, सहा बरोबर आले की सुटका. त्यात एक प्रश्न होता, सरकारची एखादी शाखा डोईजड होऊ नये म्हणून काय असतं? उत्तर, 'चेक्स अँड बॅलन्सेस', म्हणजे शाखांचा एकमेकींवर अंकुश. न्यू जर्सीतल्या आमच्या स्वयंपाकघरात भांडी घासता घासता मी ते घोकलं, लेक प्रश्न विचारायची. मुलाखतीत तो प्रश्न आलाच नाही. अर्थ कळला तो फार नंतर, केनियात जन्मलेल्या एका भारतीय वंशाच्या विद्यार्थ्याचा खटला वाचताना. त्याच्याकडे येते, पण आधी आपल्या डोक्यातली लोकसभा जरा बाजूला ठेवा.

आपल्याकडे सरकार लोकसभेच्या जिवावर जगतं. १९९९ मध्ये वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं, आठवत असेल. अमेरिकेत तसं होत नाही. काँग्रेसची दोन्ही सभागृहं, सिनेट आणि प्रतिनिधिगृह, विरोधकांच्या हातात गेली तरी राष्ट्राध्यक्ष आपली चार वर्षं पुरी करतो. (महाभियोग असतो, पण सिनेटमध्ये दोन-तृतीयांश मतं लागतात आणि आजवर एकही राष्ट्राध्यक्ष त्यात दोषी ठरलेला नाही.) उलट, त्यालाही काँग्रेस बरखास्त करता येत नाही. मंत्री व्हायचं तर सभागृहातली जागा सोडायची. हिलरी क्लिंटन २००९ मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्या तेव्हा त्यांनी सिनेटचा राजीनामा दिला होता.

म्हणजे बिऱ्हाडं तीन, पण चूल एकच. शिधा काँग्रेस देणार, रांधणार राष्ट्राध्यक्ष. न्यायाधीश तो सुचवणार, होकार सिनेटचा. विधेयक काँग्रेसचं, सही त्याची. त्याने व्हेटो (नकाराधिकार) वापरला तर दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी तो उलटवायचा. आणि कायदा घटनेत बसतो की नाही हे कोर्ट ठरवणार. गंमत म्हणजे कोर्टाचा हा अधिकार घटनेत कुठेही स्पष्ट शब्दांत लिहिलेला नाही. १८०३ च्या मार्बरी खटल्यात कोर्टाने तो स्वतःच सांगितला आणि पुढे तो रुळला.

तुम्ही विचारलंय, कोर्टाकडे ना फौज ना पैसा, मग त्याचं ऐकतं कोण? १९५२ चं बघा. कोरियाचं युद्ध चालू, पोलाद कामगार संपाच्या तयारीत. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ८ एप्रिलला देशातल्या बहुतेक पोलाद गिरण्या सरकारच्या ताब्यात घ्यायचा आदेश काढला. युद्ध आहे, पोलाद थांबून चालणार नाही, हा त्यांचा मुद्दा. कंपन्या कोर्टात गेल्या. तेव्हाचे नऊच्या नऊ न्यायाधीश आधीचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट किंवा खुद्द ट्रुमन यांनी नेमलेले होते, त्यामुळे ट्रुमन निर्धास्त असले तर नवल नाही. २ जूनला निकाल लागला, सहा विरुद्ध तीन, ट्रुमन यांच्या विरोधात. काँग्रेसने असा अधिकार दिलेला नाही आणि राष्ट्राध्यक्षाला तो आपसूक मिळत नाही. विरोधात गेलेल्या सहांपैकी एक टॉम क्लार्क, म्हणजे ट्रुमन यांचेच माजी ॲटर्नी जनरल! ट्रुमन यांनी लगेच गिरण्या परत केल्या. संप झाला आणि सात आठवड्यांहून जास्त चालला. तरी त्यांनी कोर्टाला धाब्यावर बसवलं नाही. आदेश मानायचा ही सवयच तिथे कोर्टाची फौज, असं मला वाटतं. सवय मोडली तर काय, याचं उत्तर घटनेच्या मजकुरात सापडत नाही.

आता तो विद्यार्थी. जगदीश राय चढ्ढा. जन्म केनियातला, पासपोर्ट ब्रिटिश. १९६६ मध्ये स्टुडंट व्हिसावर अमेरिकेत आला. १९७२ मध्ये व्हिसा संपला आणि परत जायचं कुठे हाच प्रश्न उभा राहिला. हद्दपारीची सुनावणी झाली. १९७४ मध्ये इमिग्रेशन न्यायाधीशाने त्याची अडचण खरी मानून हद्दपारी थांबवली. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण तेव्हाच्या कायद्यात एक मेख होती. अशी सवलत काँग्रेसचं कुठलंही एक सभागृह नुसत्या ठरावाने रद्द करू शकत होतं. डिसेंबर १९७५ मध्ये प्रतिनिधिगृहात तसा ठराव आला. तीनशे चाळीस प्रकरणांतली सहा नावं नापसंत, त्यात चढ्ढा. ठराव छापलेलाही नव्हता, सदस्यांच्या हातात प्रत नव्हती. चर्चा नाही, मतांची नोंद नाही. झाला मंजूर.

व्हिसाच्या कागदांपायी ज्याने रात्री जागून काढल्यात त्याला इथे पोटात गोळा येईल. मला आला.

चढ्ढा लढला. मजा अशी की त्याला हाकलणारं इमिग्रेशन खातंच कोर्टात म्हणालं, याचं बरोबर आहे, ही तरतूद घटनाबाह्य आहे. खातं राष्ट्राध्यक्षाच्या हाताखालचं, त्याला काँग्रेसची ही लुडबुड नकोच होती! मग काँग्रेसला आपले वकील उभे करावे लागले. २३ जून १९८३ ला सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन निकाल दिला. काँग्रेसला कायद्यासारखा परिणाम घडवायचा असेल तर वाट एकच, दोन्ही सभागृहांची मंजुरी आणि मग राष्ट्राध्यक्षापुढे सहीसाठी. एका सभागृहाचा ठराव पुरत नाही. चढ्ढा राहिला.

मला त्यात अन्यायाविरुद्धचा विजयच दिसला होता. विरोधात गेलेले न्यायमूर्ती व्हाइट यांचं म्हणणं नंतर वाचलं. त्यांनी बजावलं होतं की या एका निकालाने जवळजवळ दोनशे कायद्यांतल्या अशाच तरतुदी बाद होतात. काँग्रेस अधिकार देताना ही दोरी आपल्या हातात ठेवायची. दोरी कापली, अधिकार मात्र राष्ट्राध्यक्षाकडेच राहिले.

तुमचा शेवटचा उपप्रश्न आणीबाणीच्या अधिकारांबद्दल आहे, तो नेमका इथेच येऊन पडतो. १९७६ च्या राष्ट्रीय आणीबाणी कायद्यात दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने ठराव केला की राष्ट्राध्यक्षाने पुकारलेली आणीबाणी संपायची, त्याची सही लागत नव्हती. चढ्ढा निकालानंतर ते टिकणार नव्हतं, म्हणून १९८५ मध्ये तिथे सही आली. आपली आणीबाणी संपवणाऱ्या ठरावावर कुठला राष्ट्राध्यक्ष खुशीने सही करेल?

२०१९ मध्ये तेच झालं. सीमेवरच्या भिंतीसाठी ट्रम्प यांना ५७० कोटी डॉलर हवे होते. काँग्रेस देईना, त्या भांडणात सरकारी कामकाज ३५ दिवस अंशतः बंद पडलं, शेवटी मंजूर झाले १३७.५ कोटी. मग त्यांनी आणीबाणी जाहीर करून दुसरीकडचा पैसा वळवायला घेतला. दोन्ही सभागृहांनी ती संपवण्याचा ठराव केला, सिनेटमध्ये त्यांच्याच पक्षाचे बारा जण विरोधात गेले. १५ मार्चला ट्रम्प यांनी त्यावर व्हेटो वापरला, त्यांच्या कारकिर्दीतला पहिला. प्रतिनिधिगृहात तो उलटवायचा प्रयत्न झाला. बाजूने २४८, विरुद्ध १८१. दोन-तृतीयांशाला ३८ मतं कमी पडली.