मालिकेतला माणूस गेला म्हणून मुलगा जेवेना

जून 2025च्या दुसऱ्या आठवड्यात जत तालुक्यातून एका आईचा फोन आला. तिचा वीस वर्षांचा मुलगा सांगलीत अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि वसतिगृहात राहत होता. सुटीसाठी घरी आल्यापासून तो कोणाशी धड बोलत नव्हता, ताटावरून अर्धपोटी उठत होता आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागत होता. कारण विचारल्यावर त्याने जे सांगितले, ते मला सांगताना त्या बाईंना संकोच वाटत होता. "मॅडम, मोबाइलातल्या मालिकेतला माणूस गेला म्हणून पोरगं असं करतंय. गेला म्हणजे मेला न्हाई, काम सोडलंय त्यानं. ह्याला येड म्हणायचं, का मोबाइलचं व्यसन, का दुसरंच काही?"

हा प्रश्न मला वर्षातून दोन-चार वेळा तरी ऐकू येतो. कधी मुलगी एखाद्या कोरियन गायकासाठी खोलीचे दार लावून बसलेली असते, तर कधी सायंकाळच्या मराठी मालिकेतली नायिका अचानक बदलली म्हणून आजी तीन दिवस टीव्ही लावू देत नाही. विचारणाऱ्याला भीती एकच असते, की खोट्या माणसासाठी खरे रडणारे आपले माणूस ठीक आहे ना. या मुलाची हकीकत त्याच्या आणि त्याच्या आईच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे लिहीत आहे.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत तो आला तेव्हा वडील बाहेरच्या बाकावर बसून राहिले. मुलगा आत आला आणि पहिलेच वाक्य म्हणाला, "तुम्हालाही हसू येईल, मॅडम." मला हसू आले नाही, पण त्याहून वाईट गोष्ट माझ्या हातून घडली. या दुःखाच्या तळाशी दुसरे काहीतरी 'खरे' दुःख दडलेले असणार, असे गृहीत धरून मी ते शोधायला निघाले. घरात अलीकडे कोणी गेले का, कोणाशी बिनसले का, एखादा विषय राहिला का, असे एकामागून एक विचारत गेले. त्याने सगळी उत्तरे सरळ दिली आणि शेवटी शांतपणे म्हणाला, "सगळे मूळ काय आहे ते विचारतात. मूळ हेच आहे." मी वही मिटली. आई त्याला येड म्हणत होती आणि मी त्याला निमित्त म्हणत होते. त्याचे दुःख त्याच्या स्वतःच्या नावाने मान्य करायला आम्ही दोघीही तयार नव्हतो.

मग मी त्याला ती मालिका समजावून सांगायला सांगितली, आणि पुढचा पाऊण तास तोच बोलत होता.

मालिकेचे नाव 'डॉक्टर हू'. बीबीसीने तिचा पहिला भाग 23 नोव्हेंबर 1963 रोजी, म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, दाखवला आणि लोकांचे लक्ष त्या बातमीकडे असल्यामुळे पुढच्या आठवड्यात तो पुन्हा दाखवावा लागला. त्या पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन यांचा जन्म लखनौचा, हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर प्रथमच थोडे तेज दिसले. मालिकेचा नायक 'डॉक्टर' हा परग्रहावरचा एक भटक्या, निळ्या पोलीस पेटीसारख्या दिसणाऱ्या यानातून काळाच्या मागेपुढे फिरणारा. पहिले नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळू लागली, तेव्हा मालिका बंद करण्याऐवजी कर्त्यांनी ऑक्टोबर 1966 मध्ये एक युक्ती योजली : नायक मरणाच्या दारात पोहोचला की त्याचे शरीर आणि स्वभाव पालटतो, आठवणी मात्र राहतात. हार्टनेल यांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन आले, आणि साठ वर्षे टिकण्याची सोय एका माणसाच्या आजारपणातून झाली.

या मुलाचा डॉक्टर म्हणजे पंधरावा, शूटी गॅटवा. रवांडात जन्मलेला आणि स्कॉटलंडमध्ये वाढलेला हा नट 2023च्या अखेरीस मालिकेत आला. त्याच्या वाट्याला आठ-आठ भागांची दोन पर्वे आणि नाताळचे दोन विशेष भाग आले, आणि 31 मे 2025 रोजी तो गेला. मुलाला त्याच्यात आवडले ते हे, की तो खळखळून हसतो, नाचतो आणि कोणाचे वाईट झाले की सगळ्यांसमोर रडतो. "आमच्याकडे रडणाऱ्या पोराला काय म्हणतात, तुम्हाला माहीतच आहे," तो म्हणाला. मला माहीत होते, आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या गृहस्थांनाही ते माहीत असणार.

मानसशास्त्रात या नात्याला 'पॅरासोशल' हा शब्द आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड व्होल यांनी 1956 मध्ये, म्हणजे ही मालिका सुरू होण्याच्याही आधी, तो वापरला. पडद्यावरचा माणूस आपल्याला ओळखत नाही, पण तो ठरावीक वेळी येतो, डोळ्यांत पाहून बोलल्यासारखा बोलतो, आणि आपल्या मनात त्याच्याविषयी सवयीची, विश्वासाची जवळीक तयार होते. मला हा शब्द फारसा आवडत नाही, कारण ऐकणाऱ्याला तो एखाद्या रोगाच्या नावासारखा वाटतो. असे नाते जुळणे हा रोग नाही. जोनाथन कोहेन यांनी 2004 मध्ये आवडत्या दूरदर्शन पात्राच्या ताटातुटीचा अभ्यास केला. प्रत्यक्ष नात्यातही जी माणसे दुरावण्याच्या भीतीने लवकर अस्वस्थ होतात, त्यांना पात्र जाण्याच्या कल्पनेचाही अधिक त्रास होतो, असे त्यांना आढळले. म्हणजे मन एकच आहे. पडद्यासाठी आपण वेगळे मन बाळगत नाही. आणि ज्या दुःखाला समाज दुःख मानत नाही, त्याला केनेथ डोका यांनी 1989 मध्ये स्वतंत्र नाव दिले. मराठीत आपण त्याला सुतक नसलेले दुःख म्हणू शकतो. ज्याचे सुतक पाळता येत नाही, त्याचा दहावा-तेरावाही होत नाही, आणि मग ते कधी संपले म्हणायचे हे कोणालाच ठरवता येत नाही.

तरीही माझे काम नुसते समजून घेण्याचे नव्हते. बारा दिवस झाले होते. भूक कमी होती पण गेलेली नव्हती, मित्राचा फोन आला की तो उठून अंगणात जात होता, आणि क्रिकेट लागले की दोन षटके तरी बघत होता. जगणे नकोसे वाटते का, स्वतःला इजा करण्याचा विचार येतो का, हेही मी त्याला स्पष्ट शब्दांत विचारले; असे विचारल्याने विचार डोक्यात घातला जातो, हा समज चुकीचा आहे. त्याचे उत्तर ठामपणे नाही असे होते. नैराश्याचे निदान करण्याजोगे चित्र येथे नव्हते. राहता राहिली झोप, आणि तिची चौकशी करताना मला धागा सापडला.

तो रात्री दोनपर्यंत गॅटवासाठी रडत नव्हता. बातम्या शोधत होता. याआधीचे नायक सांगून गेले होते. डेव्हिड टेनंट यांनी ऑक्टोबर 2008 मध्ये जाहीर केले आणि ते 1 जानेवारी 2010 रोजी गेले. मॅट स्मिथ यांनी जून 2013 मध्ये सांगितले आणि त्या नाताळात निरोप घेतला. या वेळी आगाऊ घोषणा नव्हती. वसतिगृहात इतर मुले झोपलेली असताना पांघरुणात मोबाइल धरून तो भाग पाहणाऱ्या या मुलाला शेवटच्या मिनिटांत कळले की हा निरोप आहे. शिवाय पालटलेल्या शरीरात दिसल्या त्या बिली पायपर, ज्या 2005च्या पर्वात नायकाच्या सोबतिणीच्या भूमिकेत होत्या. आणि नवा डॉक्टर म्हणून त्यांचे नाव श्रेयनामावलीत नव्हते. पुढचे पर्व येणार की नाही, हेही कोणी सांगत नव्हते. ही मालिका 1989 मध्ये बंद पडली होती, मध्ये 1996 चा एक चित्रपट वगळता थेट 2005 मध्ये परतली होती. सोळा वर्षे! वीस वर्षांच्या मुलाने हा हिशेब स्वतःच्या वयाशी लावून पाहिला होता.

म्हणजे एकाच्या ठिकाणी दोन गोष्टी होत्या. एक, गेलेल्याचे दुःख. दुसरी, पुढचे न कळण्याची टांगणी. दुःखाला वेळ आणि ऐकणारा माणूस लागतो. टांगणीला मात्र जितका वेळ द्यावा तितकी ती वाढते, कारण दर दहा मिनिटांनी उघडलेल्या बातमीत नवे काही नसते आणि तरी ती न उघडता राहवत नाही. आम्ही ठरवले की बातम्या दिवसातून एकदाच, संध्याकाळी जेवणाआधी वीस मिनिटे पाहायच्या, आणि रात्री मोबाइल आईच्या उशाशी ठेवायचा. पाचव्या रात्री त्याला झोप लागली. एवढ्यावरून 'मोबाइलच काढून घ्यायला हवा होता' असे कृपया कोणी म्हणू नये. सर्रास प्रत्येक गोष्टीला व्यसन म्हणण्याची आपली सवय मला मोबाइलइतकीच त्रासदायक वाटते.

दुसऱ्या भेटीत मी वडिलांना आत बोलावले. डाळिंबाची बाग करणारे, मोजके बोलणारे गृहस्थ. "पडद्यावरच्या माणसासाठी जेवण सोडतात व्हय?" एवढेच ते म्हणाले. मी त्यांना विचारले, "16 नोव्हेंबर 2013 ला तुम्ही कुठे होता?" त्यांना तारीख लागली नाही. वानखेडेवर सचिनचे शेवटचे भाषण झाले तो दिवस, असे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग मुलाकडे न बघता म्हणाले, "मोटर बंद करून घरी आलो होतो." मुलगा मात्र त्यांच्याकडे बघत होता. तो तेव्हा आठ वर्षांचा होता, आणि वडील त्या दिवशी टीव्हीसमोर खाली मान घालून का बसले होते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

त्याच भेटीत माझी दुसरी चूक झाली. मित्रांनी त्याला 'नवीन येईलच की' असे सांगून सांगून वैताग आणला होता, आणि मीही तेच अधिक सुसंस्कृत भाषेत सांगितले. सांगलीसारख्या नाट्यपंढरीत राहून मोह आवरला नाही. 1901 मध्ये भाऊराव कोल्हटकर गेले तेव्हा किर्लोस्कर मंडळीच्या रसिकांना आता शकुंतला संपली असेच वाटले असेल, आणि 1905 मध्ये इथे मिरजेत नारायण राजहंस शकुंतला होऊन उभे राहिले, ते आपले बालगंधर्व, असे मी म्हटले. त्याने आदराने ऐकून घेतले. मग म्हणाला, "पण मॅडम, शकुंतला तीच राहते. कोणीही केली तरी ती दुष्यंताला तेच बोलते. इथे पुढच्याला सगळं आठवतं, पण तो तसा हसत नाही, तसा रडत नाही. माणूस आहे आणि तो नाही." मला यावर उत्तर सुचले नाही, आणि मी ते शोधलेही नाही. गेलेल्याच्या जागी दुसरा येईल, हे सांत्वन आपण घरात मृत्यू झाल्यावर कोणाला देत नाही. मग येथे ते इतक्या सहज का देतो, हा विचार मात्र त्या दिवसापासून माझ्याजवळ राहिला आहे.

घरी करायला मी त्याला एकच गोष्ट दिली : शेवटचा भाग पुन्हा पाहायचा, पण दिवसाउजेडी, आणि नंतर त्याची गोष्ट आईला आपल्या भाषेत सांगायची. आईला इंग्रजी येत नाही, त्यामुळे प्रत्येक वाक्य त्याला थांबून, अर्थ लावून सांगावे लागले. दोन तास लागले, असे बाईंनी सांगितले. नायक एका लहान मुलीसाठी स्वतःचा जीव देतो, इथवर आल्यावर मुलगा रडला आणि या वेळी तो अंथरुणात तोंड लपवून रडला नाही. डोळे पुसून झाल्यावर आईने विचारले, "आणि त्या पोराला आता काम हाय का दुसरं?" मुलाने सांगितले, की गॅटवा ऑगस्टपासून लंडनमध्ये एका नाटकात काम करणार आहे. "मग बरं झालं," असे म्हणून बाई भाकरी टाकायला उठल्या.

असे माणूस आपल्या घरात असेल तर किती दिवस थांबायचे, हे पालक विचारतातच. दोन आठवड्यांनंतरही बहुतेक दिवसभर उदासी टिकून असेल, आवडीच्या कोणत्याच गोष्टीत मन लागत नसेल, कॉलेज-काम सुटत असेल, तर तज्ज्ञाला भेटावे. मरणाची भाषा एकदा जरी निघाली तरी तेवढेही थांबू नये. टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. यांपैकी काही नसेल, तर त्या माणसाला ती गोष्ट सांगू द्यावी आणि आपण ती ऐकावी, मग ती कितीही निळ्या पेटीची असो.

मुलगा माझ्याकडे चार वेळा आला. ऑक्टोबरच्या अखेरीस त्याच्या आईचा पुन्हा फोन आला, तेव्हा क्षणभर मला धास्ती वाटली. पण त्यांना फक्त बातमी द्यायची होती. पुढच्या वर्षीच्या, म्हणजे 2026च्या, नाताळात एक विशेष भाग येणार असे बीबीसीने जाहीर केले होते.

"आणि नवा कोण?" मी विचारले.

"ते अजून सांगितलं न्हाई म्हणं," बाई म्हणाल्या. "मीच त्याला रोज इचारतीय."